केडीई कनेक्ट आणि घरचे वाय-फाय
केडीई कनेक्ट हे फोन आणि संगणक एकमेकांना जोडणारे सॉफ्टवेअर. त्यात माहिती घरच्या वाय-फायबाहेर जात नाही, म्हणून काळजीचे कारण नाही, असे म्हटले जाते. पहिले विधान मान्य. दुसरे घाईचे वाटते. दोन उपकरणांमधली देवाणघेवाण टीएलएस या सुरक्षा-पद्धतीने कूटबद्ध होते, म्हणजे तिसऱ्याला वाचता येत नाही, हे खरे, पण आपण नेमके कोणाशी जोडले जात आहोत याची खात्री जोडणी करतानाच करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी दोन्ही पडद्यांवर दिसणारी पडताळणीची किल्ली जुळवून पाहण्याचा कंटाळा करू नये.

खरी मेख मात्र प्लगिनांत, म्हणजे केडीई कनेक्टमधल्या वेगवेगळ्या सोयी पुरवणाऱ्या जोडभागांत, आहे. फोनवरच्या सूचना संगणकावर दाखवण्याची सोय चालू असेल, तर बँकेचा ओटीपीही तिथे उमटू शकतो, आणि तो संगणक घरात चौघे वापरत असतील तर फोनला लावलेल्या कुलपाचा फारसा उपयोग उरत नाही. सूचना, क्लिपबोर्ड (कॉपी केलेला मजकूर) आणि संगणकावर आदेश चालवणे ही प्लगिने प्रत्येक जोडलेल्या उपकरणासाठी वेगवेगळी बंद करता येतात; शेवटचे तर गरज नसल्यास बंदच ठेवावे. संगणकाच्या फायरवॉलमध्ये (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणाऱ्या व्यवस्थेत) केडीई कनेक्टसाठी १७१४ ते १७६४ ही पोर्ट, म्हणजे जोडणीची क्रमांकित दारे, उघडताना ती घरच्या नेटवर्कपुरतीच उघडावीत.