सेंट्रिंगची प्लेट खांद्यावर पडली. भरपाई कोणी द्यायची?

कळंबेकर: माझा मेहुणा (वय 35) कळंब्याजवळ एका बिल्डरच्या अपार्टमेंटवर ठेकेदाराकडे बिगारी होता. ऑगस्ट 2025 मध्ये तिसऱ्या मजल्यावरचे सेंट्रिंग (स्लॅब ओतण्यासाठी लावलेला साचा) उतरवताना लोखंडी प्लेट निसटून त्याच्या खांद्यावर पडली. शस्त्रक्रिया झाली, चार महिने घरी बसावे लागले आणि अजूनही हात पुरता वर जात नाही. बिल्डर म्हणतात, माणूस ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणतो, हेल्मेट घातले नव्हते. शिवाय पंचवीस हजार घेऊन ‘यापुढे मागणे नाही’ असे स्टॅम्प पेपरवर लिहून द्या. हेल्मेटे मुकादमाच्या खोलीत प्लास्टिकच्या पिशव्यांसकट पडून होती.

वादी-प्रतिवादी: सही करू देऊ नका. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, 1923 च्या कलम 17 नुसार हक्क सोडून देणारा असा करार रद्दबातल ठरतो. सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली असली, तरी अपघात त्याआधीचा असल्याने हिशेब जुन्याच कायद्याने होईल. आपल्या धंद्याचे काम ठेकेदाराकरवी करून घेणारा बिल्डर कलम 12 प्रमाणे भरपाईस बांधील असतो. ती रक्कम त्याने मागाहून ठेकेदाराकडून वसूल करावी, कामगाराने त्या दोघांच्या वादात ताटकळत बसण्याचे कारण नाही. खांद्यावरच्या माराशी हेल्मेटाचा संबंध काय, हे ठेकेदारालाच ठाऊक! सुरक्षेचा स्पष्ट हुकूम कामगाराने जाणूनबुजून मोडला आणि त्यामुळेच इजा झाली, हे मालकाने सिद्ध केले तरच त्याची सुटका होते. न दिलेल्या हेल्मेटाबाबत तो हे कसे सिद्ध करणार?

जुना सुपरवायझर: वरील उत्तरात एक भर घालतो. कोणी स्वतःला राहण्यासाठी बंगला बांधत असेल, तर तो त्याचा धंदा नसल्याने कलम 12 त्याला लागत नाही आणि एकटा ठेकेदारच उरतो. येथे बिल्डर आहे, म्हणून दोघांनाही नोटीस द्यावी. रकमेचा अंदाज असा: वेतन कितीही असले तरी हिशेबासाठी दरमहा 15,000 रुपयांपर्यंतच धरतात. घरी बसलेल्या काळासाठी दर पंधरवड्याला त्याचे 25 टक्के, म्हणजे चार महिन्यांचे 30,000. कमाईची क्षमता कायमची 20 टक्के घटल्याचे डॉक्टरांनी ठरवले, तर वेतनाच्या 60 टक्क्यांवर कायद्याच्या तक्त्यातला 35 व्या वर्षाचा गुणांक 197.06 धरून, त्याचे 20 टक्के म्हणजे सुमारे 3,54,700 रुपये होतात. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. पंचवीस हजारांचा कागद एवढ्या घाईने का पुढे आला, ते यावरून कळते.

कळंबेकर: हजेरीवही ठेकेदाराकडेच आहे. पगाराचा कागद नाही.

वादी-प्रतिवादी: आठवड्याचा पगार फोनपेवर येत असेल तर त्या नोंदी, रुग्णालयाचे केसपेपर आणि सोबतच्या दोन कामगारांची साक्ष जमवा. ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) विमा उतरवला होता का, हे आधी विचारा. असल्यास या कायद्याखाली दावा चालत नाही, लाभ तिकडूनच घ्यावा लागतो. नसल्यास अपघातापासून दोन वर्षांच्या आत कर्मचारी नुकसानभरपाई आयुक्तांकडे अर्ज दाखल झाला पाहिजे.