फ्रेंच ख्रिस्तसभेची 'लिबर्ते': स्वायत्तता, स्वातंत्र्य की वहिवाट?

प्रश्न: मी अनुवादत असलेल्या एका लेखात फ्रेंच ख्रिस्तसभेच्या 'लिबर्ते'चा (फ्रेंच शब्द, शब्दशः 'स्वातंत्र्य'), तोही अनेकवचनी, उल्लेख वारंवार येतो. चौदाव्या लुईच्या काळात, १६८२ साली, तिथल्या धर्मगुरूंच्या सभेने बिशप बोस्युए यांनी लिहिलेली चार कलमे मंजूर केली. ऐहिक बाबतींत राजा पोपच्या अधीन नाही आणि ख्रिस्तसभेच्या संमतीवाचून पोपचा श्रद्धाविषयक निर्णय अंतिम ठरत नाही, असे त्यांत म्हटले होते. मी 'स्वायत्तता' लिहिले, संपादकांनी 'स्वातंत्र्य' केले. योग्य काय?

प्रतिसाद १: दोन्ही नकोत. स्वायत्तता वरचा देतो, जशी महाविद्यालयाला मिळते, आणि काढूनही घेतो. फ्रेंच बिशपांचा दावा असा होता की आपले हक्क कोणी दिलेले नसून परंपरेने चालत आलेले आहेत. तिसऱ्या कलमाचा आधारच रूढी हा आहे. 'वहिवाटीचे हक्क' लिहावे. आमच्या गावी विहिरीवरची पाण्याची पाळी अशीच वहिवाटीने ठरलेली आहे, आणि ती कोणी दिली असे कोणी विचारत नाही. या शब्दात मला तर वाहती वाटच दिसते.

प्रतिसाद २: ही व्युत्पत्ती कोशात दाखवावी, मग बोलू. शिवाय वहिवाट म्हटले की राजा नजरेआड होतो. बिशप नेमण्याचा राजाचा हक्क १५१६ च्या बोलोन्या करारात खुद्द पोप दहावे लिओ यांनी मान्य केला होता. पोपपासून मोकळे होऊन राजाच्या मुठीत जाणे याला स्वातंत्र्य तरी कसे म्हणावे?

प्रतिसाद ३: आमच्याकडे, वसई-मुंबईत, यासाठी 'पाद्रोआदो' (चर्चच्या कारभारावरचा पोर्तुगीज राजाचा हक्क) हा शब्द होताच. मुंबईतली काही चर्चे गोव्याच्या आर्चबिशपांकडे, तर काही रोमच्या प्रोपगांडाकडे, म्हणजे पोपच्या धर्मप्रसार खात्याकडे, होती, आणि हा दुहेरी कारभार १९२८ च्या करारानंतरच संपला.

प्रतिसाद १: ते उदाहरण येथे लागू नाही. पाद्रोआदो ही पोपनी पोर्तुगालच्या राजाला दिलेली सनद होती, आणि फ्रेंचांना सनदच नको होती.

प्रतिसाद २: मग लुईने १६९३ साली ती कलमे शिकवण्याचा हुकूम मागे का घेतला? पोपनी सभेत बसलेल्यांच्या बिशपपदांना मान्यता नाकारली, धर्मप्रांत रिकामे राहिले, आणि राजा नमला. वहिवाट अशी एका पत्राने मागे घेता येत नाही.

प्रतिसाद १: हुकूम मागे घेतला, कलमे नव्हेत. नेपोलियनने १८०२ साली सेमिनरीतल्या शिक्षकांना तीच कलमे शिकवण्याचे बंधन घातले. रोमला ती १८७० च्या व्हॅटिकन परिषदेत खोडून काढावी लागली. पोपच्या श्रद्धाविषयक व्याख्या ख्रिस्तसभेच्या संमतीमुळे नव्हे तर स्वयमेव अपरिवर्तनीय आहेत, असे तिथे मुद्दाम लिहिले गेले.