हॉटेलातलं आवडतं, पण घरी आणि हलकं: मित्रमंडळींबरोबरचे प्रयोग सांगा

मंडळी, आमच्या टोळक्याला बाहेर खायची भारी हौस. हल्ली तेच पदार्थ कुणाच्या तरी घरी जमून करतो, जरा हलके करून. नुसतं तेल कमी केलं की काम भागत नाही, हे लगेच कळलं. त्या पदार्थात आपला जीव नेमका कशात अडकलाय ते आधी शोधावं लागतं: कुरकुरीतपणात, आंबटपणात, की गुळगुळीत सॉसमध्ये? तेवढं राखायचं, बाकीच्याला कात्री लावायची. एका टेबलस्पून तेलात साधारण १२० कॅलरी असतात, म्हणजे कात्रीला वाव भरपूर. तुम्ही काय केलंत, कुणी बोटं चाटली, कुणी नाक मुरडलं, सगळं लिहा. प्रमाणं दिलीत तर दुवा देईन.

*

आमचा हुकमी एक्का व्हाइट सॉस पास्ता. मैत्रिणीचं म्हणणं, क्रीम नसेल तर मी येणारच नाही. तिला न सांगता केला.

फ्लॉवरचे तुरे आणि लसणाच्या पाकळ्या दुधात अगदी मऊ शिजवायच्या आणि मिक्सरमधून गंधासारख्या वाटायच्या. खरी गंमत मात्र पास्त्याच्या पाण्यात आहे. पास्ता नेहमीपेक्षा कमी पाण्यात उकळला की त्यातला स्टार्च पाण्यात उतरतो आणि ते पाणी दुधट दिसायला लागतं. निथळण्याआधी कपभर काढून ठेवायचं. मग गॅस बंद करून पॅनमध्ये पास्ता, फ्लॉवरचं वाटण आणि थोडंसं ते पाणी घालायचं, आणि बारीक किसलेलं चीज चिमटी चिमटी सोडत हलवत राहायचं. आधी सगळं पाणचट दिसतं, शेजारी उभी असलेली हमखास म्हणते, "गेलं हे." पण हात थांबवायचा नाही. मिनिटभरात चकाकी येते आणि सॉस पास्त्याला धरून बसतो. आच चालू ठेवली तर चीजच्या गुठळ्या होऊन तारा सुटतात, म्हणून गॅस बंद म्हणजे बंद.

जाता जाता एक: ज्याच्या नावाने आल्फ्रेडो सॉस ओळखला जातो, त्या रोममधल्या हॉटेलवाल्या आल्फ्रेडो दि लेलिओच्या मूळ पास्त्यात क्रीम नव्हतंच, लोणी आणि परमेजान चीज एवढंच. तो हलका होता असं मुळीच नाही, लोणी दणकून असायचं. पण क्रीमवालीचं तोंड बंद करायला ही माहिती पुरली.

*

फ्राइड राइस! आमच्याकडे यावर कायम भांडण. एकाचं मत, हॉटेलची चव म्हणजे तेल. माझं मत, हॉटेलची चव म्हणजे आच. भात ताजा आणि गरम असला की दाणे एकमेकांना चिकटतात, मग ते सुटावेत म्हणून आपण तेल ओतत बसतो. आदल्या दिवशीचा, फ्रिजमधला भात वापरा. थंड झाल्यावर त्यातला स्टार्च घट्ट होतो, दाणे आपोआप सुटे राहतात आणि चार जणांच्या भाताला दोन टेबलस्पून तेल पुष्कळ होतं. फक्त तो भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. पसरून लवकर निववा आणि फ्रिजमध्ये टाका. बाहेर राहिलेल्या भातात जिवाणू वाढतात आणि त्यांचं विष परतल्यानेही जात नाही.

दुसरं, एका वेळी दोन माणसांचाच भात टाका. सगळा एकदम टाकला की कढई थंड पडते आणि भात परतला न जाता वाफवला जातो. बाकीचे ताटल्या घेऊन रांगेत उभे राहतात, कोकलतात. कोकलू द्यावं.

आणि "हलकं" म्हणताना सगळे तेलाकडेच बघतात. एक टेबलस्पून सोया सॉसमध्ये साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मोठ्या माणसाने दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत राहण्याचा. आम्ही सॉस निम्मा केला आणि शेवटी लिंबू पिळायला लागलो. मीठ कमी पडल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

*

बटाट्याच्या फ्राइज. टोळीतला एक जण रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात फुकटची व्याख्यानं असतात. त्याचा हा उपाय मात्र मानला: दोन लिटर उकळत्या पाण्यात अर्धा छोटा चमचा खायचा सोडा आणि मीठ, त्यात बटाट्याचे जाडसर तुकडे कडा मऊ होईपर्यंत उकळायचे. सोड्यामुळे बटाट्याचं बाहेरचं अंग सैल पडतं. निथळून त्याच भांड्यात झाकण ठेवून दणादण हलवले की वरून खरबरीत, पिठूळ होतात. हाच खरबरीतपणा ओव्हनमध्ये कुरकुरीत होतो. चमचा-दोन चमचे तेल चोळून २२० अंशांवर भाजायचे, मध्ये एकदा उलटायचे. ट्रेमध्ये दाटीवाटी नको. तळलेल्यांसारखे लागतात का? नाही. वेगळे लागतात, आणि आता आम्हाला हेच आवडतात.

*

मला हे सगळं पटत नाही, स्पष्टच लिहिते. पास्ता, भात, फ्राइज ठीक. पण चीजकेक हलका करायच्या भानगडीत कृपा करून पडू नका. दह्याचा केलेला छान लागतो, पण तो दह्याचा केक झाला, चीजकेक नव्हे. आम्ही मैत्रिणी सरळ एक खरा आणतो आणि चौघींत वाटून खातो. कॅलरी आपोआप पाव झाल्या, ओव्हनही तापवावा लागला नाही.

*

पिझ्झावाले कुणीच कसे नाहीत? नेपल्सच्या भट्टीत पिझ्झा साधारण ४३० अंशांच्या वर, दीड मिनिटाच्या आत भाजून निघतो. घरचा ओव्हन २५० ला हात टेकतो. म्हणून आम्ही जाड बिडाचा तवा ओव्हनमध्ये अर्धा-पाऊण तास तापवून त्यावरच बेस टाकतो. पीठ दोन दिवस फ्रिजमध्ये मुरवलेलं असतं. अशा बेसला स्वतःची चव असते, मग चीज निम्मं पुरतं. चीज घालायचं काम मात्र आमच्यातल्या चिक्कू माणसाकडेच द्या.

*

आम्ही एकदा परीक्षाच घेतली. हॉटेलातून बर्गर मागवले आणि घरी तसेच केले. पॅटीत निम्मा खिमा, निम्मे बारीक चिरून कोरडे परतलेले मशरूम. मशरूममध्ये ग्लुटामेट हा चवीला खमंगपणा देणारा घटक असतो, त्यामुळे मांसाचा भरीवपणा टिकतो. दोन्ही सारखेच कापून तुकड्यांवर आकडे लावले आणि डोळे बांधून खायला दिले. "मला लगेच ओळखू येईल" म्हणणारा गडी नेमका घरच्यावर भाळला. हॉटेलचा कुठला हे बाकीच्यांनी बरोबर ओळखलं, पावाला चोपडलेल्या लोण्यावरून! आता पॅटी हलकी ठेवतो आणि पावाच्या आतल्या बाजूला बोटभर लोणी लावून भाजतो. तेवढ्याने फसवणूक पुरी होते.

*

पास्तावाल्या ताई, फ्लॉवर आवडत नसेल तर दही चालेल का, असं कुणी विचारायच्या आत लिहितो. चालतं, पण गरम सॉसमध्ये थेट घातलं की फाटतं. वाटीभर दह्यात एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर फेटून घ्या, आच मंद ठेवा. आणि फडक्यात टांगून पाणी काढलेल्या दह्यात मोहरी, लसूण, लिंबू घातलं की मेयोनीजची बऱ्यापैकी सोय होते. खऱ्या मेयोनीजमध्ये बहुतांश तेलच असतं. आमच्याकडे आता वाटीच्या तळाला बोटं फिरवण्यावरून भांडणं होतात.