बागा वाढल्या म्हणून झाड वाचलं असं नाही

'हवाई, दक्षिण आफ्रिका, सगळीकडे मॅकाडेमिया या सुकामेवा देणाऱ्या झाडाच्या बागा आहेत, मग हे झाड दुर्मीळ कसं?' हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. २०१९ च्या जनुकीय अभ्यासात हवाईतल्या बागायती वाणांचं मूळ ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या गिम्पी गावाजवळच्या थोड्याशा जंगली झाडांशी जुळलं. म्हणजे बागा कितीही वाढल्या तरी वाण जवळजवळ तेच ते, आणि नवा रोग आला तर त्याला तोंड देणारे गुण शोधायचे ते जंगलातच.

शिवाय मॅकाडेमियाच्या जाती चार. त्यातली जान्सेनाय १९८३ मध्ये रे जान्सेन या ऊस शेतकऱ्यामुळे उजेडात आली. क्वीन्सलँडमधल्याच बुलबुरिनच्या रानाबाहेर ती मुळात कुठेच नव्हती. पानं तीन-तीनच्या झुपक्यात, बी लहान आणि कडू, कारण त्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. खायच्या कामाची नाही, पण झाड बुटकं राहतं, आणि नवे वाण तयार करणाऱ्यांना नेमका तोच गुण हवा आहे.