म्हापशाची जुनी स्कूटर आणि आगाऊ टोकन

म्हापशाचा विक्रेता जुनी स्कूटर दाखवण्याआधीच यूपीआयने टोकन, म्हणजे आगाऊ रक्कम, मागतोय, पाठवू का, असं एकाने विचारलंय. कृपया पाठवू नका. यूपीआय म्हणजे हातात रोख दिल्यासारखंच. पिन टाकला की पैसे थेट त्याच्या खात्यात. माल मिळेपर्यंत मध्ये धरून ठेवणारं कुणी नसतं. स्वतःहून पाठवलेली रक्कम त्याच्या संमतीशिवाय बँक सहसा परत आणत नाही.

आधी एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून कर्जाचा बोजा बघा. असला तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 हवाच. मग मालकी बदलाच्या फॉर्म 29, 30 वर सह्या घेऊन, गाडीजवळ उभं राहूनच, आरसीवरच्या (गाडीच्या नोंदणी पुस्तकातल्या) नावाच्या खात्यात पैसे भरा. भावाचं, मित्राचं खातं पुढे केलं तर सरळ निघून या.

टोकन गेलंच असेल तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करा. ‘परताव्यासाठी’ क्यूआर आला तर स्कॅन नको. पैसे घ्यायला पिन लागत नाही.