पॉइनसेटिया लाल का होईना?

हिरवाकोंब: पॉइनसेटिया आणला तेव्हा वरची पानं लालभडक होती, आता वर्ष झालं, झाड मस्त फोफावलंय पण एक पान लाल होईल तर शपथ. खत, पाणी, ऊन सगळं देतेय. दिवस लहान झाले की रंग येतो म्हणे, मग थंडी आली तरी हिरवंच कसं काय?

मातीतलेहात: रात्री लाइट असतो का तिथे?

हिरवाकोंब: हॉलमध्ये आहे, ट्यूब ११ पर्यंत चालूच असते.

मातीतलेहात: मग तेच कारण. आपण दिवस लहान म्हणतो पण झाड खरं तर रात्र मोजतं, पानात फायटोक्रोम नावाचं प्रोटीन असतं ते लाल प्रकाश ओळखतं, आणि मध्येच लाइट लागला की त्याच्या लेखी रात्र मोडली. संध्याकाळी ५ ला खोका पालथा घाला, सकाळी ७ ला काढा, असं ८-१० आठवडे रोज. मी एकदा चार दिवस खोका काढायलाच विसरलो, निम्मी पानं गळाली 😅 दिवसा ऊन हवंच, लाल रंग म्हणजे अँथोसायनिन, ते बनवायला साखर लागते आणि ती पानं उन्हातच तयार करतात. खालची जुनी पानं हिरवीच राहणार, शेंड्याला नवीन येतात ती लाल.

पानगळ: सगळ्याच झाडांना हे लावू नका हं. मेपलमध्ये दिवस लहान झाले की हरितद्रव्य मोडायला लागतं, पिवळा रंग आधीपासून खाली दडलेला असतो तो दिसतो, लाल मात्र तेव्हा नव्याने बनतो.

हिरवाकोंब: खोका शोधते आजच.