‘बाळकासारखा विश्वास’ : बालसुलभ, निरागस, भोळा की आणखी काही? (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पाटीपेन्सिल

मी नगरला आमच्या चर्चच्या संडे स्कूलमध्ये शिकवते. पुढच्या महिन्यात मुलांचा रविवार आहे आणि भिंतीवर लावायच्या कापडी फलकासाठी पाळकसाहेबांनी माझ्याकडे एक ओळ मागितली. वचन ठरलेलं आहे, बायबलातलं मत्तय १८:३. बाळकांसारखे झाल्याशिवाय स्वर्गाच्या राज्यात प्रवेश नाही, असं येशू शिष्यांना सांगतो ते. त्याखाली मी लिहिलं, ‘बालसुलभ श्रद्धा’.

मंडळीतल्या एका आजींनी वाचून विचारलं, “सुलभ म्हणजे सोपी ना गं? लेकराला विश्वास ठेवणं सोपं असतं, असं कुणी सांगितलं तुला?”

‘बालसुलभ’मधला ‘सुलभ’ म्हणजे सहज आढळणारा, हे मी त्यांना सांगितलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना. ‘निरागस’ घालून पाहिलं, ‘भोळा’ घालून पाहिलं. कुठलाच शब्द नीट बसत नाही. मुळात तिथे मुलाचा कोणता गुण अभिप्रेत आहे?

जुनी वही

ताई, आधी दोन-तीन शब्द बाजूला काढू.

‘बालिश’ बाद. संस्कृतातच त्याचा अर्थ अजाण, मूर्ख असा आहे आणि मराठीत तो निंदेपुरताच उरला. ‘भाबडा’ही नको. भाबड्या माणसाची कीव येते, कारण तो फसणार हे आपल्याला आधीच दिसत असतं. ‘भोळा’ त्या मानाने बरा. भोळ्याच्या मनात कपट नसतं, आणि आपण शंकरालाही भोळा म्हणतो, म्हणजे शब्दाला मान आहे. तरी भोळेपणात समजेची उणीव गृहीत आहेच.

ही उणीव ख्रिस्ती विचाराला चालत नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. प्रेषित पौलाने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला (पहिलं पत्र, १४:२०) बजावलं आहे की दुष्टपणाच्या बाबतीत तान्ह्या मुलांसारखे राहा, पण समजुतीने प्रौढ व्हा. त्याच पत्रात एक अध्याय आधी तो म्हणतो की मूल होतो तेव्हा मुलासारखा बोललो, मोठा झालो तेव्हा ते सोडलं. म्हणजे बाळकासारखं व्हायचं ते सगळ्या बाबतींत नाही.

वसईकर

आमच्या कॅथलिक घरांत ‘बाळ’ हा शब्द वेगळ्या वाटेने येतो. आम्ही ‘बाळ येशू’ म्हणत वाढलो. नाशिकरोडला फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते, तिथे लहानपणी आईबरोबर गेलोय. गोव्यात कोलव्याला ‘मेनिन जेजू’चं, म्हणजे बाळ येशूचंच, फेस्त (सण) ऑक्टोबरात असतं. तिथे मूल हे भक्ताचं उदाहरण नाहीच, तिथे देवच मूल झालेला आहे. हात वर करून ‘उचलून घे’ म्हणणारा देव. मला लहानपणी याचं फार बळ वाटायचं, कारण घरात सगळे माझ्यापेक्षा मोठे होते.

फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेसाचं संन्यासातलं नावही ‘बाल येशूची तेरेसा’. १८७३चा जन्म, १८९७ साली चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली. तिने स्वतःच्या साधनेला ‘छोटी वाट’ म्हटलं. पवित्रतेच्या पायऱ्या चढायचं बळ आपल्यात नाही, तर येशूने आपल्याला उचलून न्यावं आणि त्यासाठी आपण लहानच राहावं, असं ती म्हणायची. १९९७ साली चर्चने तिला ‘डॉक्टर’ म्हणजे चर्चची आचार्य ही पदवी दिली. तिच्या शब्दांत निरागसतेपेक्षा ‘लहान’ असण्यावर भर आहे, हे ताईंच्या प्रश्नाला उपयोगी पडेल.

ग्रीकचा विद्यार्थी

उपयोगी पडेलच. मूळ ग्रीकमध्ये ‘मूल’ या अर्थाचे शब्द बरेच आहेत आणि मराठीत त्या सगळ्यांचं बाळक, बालक, मूल असं एकच पीठ होतं.

ताईंच्या वचनात ‘पायदिऑन’ आहे. ‘पाइस’ या शब्दाचं ते लघुरूप. ‘पाइस’चे दोन अर्थ आहेत, मूल आणि चाकर. मत्तयाच्या आठव्या अध्यायात शताधिपतीचा (रोमन सैन्यातल्या अधिकाऱ्याचा) जो चाकर आजारी पडतो, तिथे ग्रीकमध्ये ‘पाइस’ आहे. त्याच माणसाला लूक सरळ ‘दूलोस’ म्हणतो, म्हणजे गुलाम. येशू बोलायचा त्या अरामी भाषेतही ‘तल्या’ म्हणजे मुलगा आणि ‘तल्या’ म्हणजे नोकरही. (याईराच्या मुलीला त्याने घातलेली हाक, ‘तलीथा कूम’ म्हणजे ‘मुली, ऊठ’, याच शब्दाच्या स्त्रीरूपाची आहे.)

मराठीत याला जवळचा शब्द ‘पोऱ्या’. हॉटेलातला पोऱ्या. वय सांगणारा आणि पायरीही सांगणारा. कोणीही हाक मारावी, त्याने धावत यावं.

आता मार्कच्या नवव्या अध्यायातला प्रसंग पाहा. कफर्णहूमच्या वाटेवर शिष्य आपसांत वाद घालत आले आहेत की आपल्यात थोर कोण. येशू बसतो, बाराही जणांना बोलावतो, ज्याला पहिलं व्हायचंय त्याने सगळ्यांचा सेवक व्हावं असं सांगतो, आणि लगेच एका मुलाला मध्ये उभं करून कवेत घेतो. सेवक आणि मूल इतके लागोपाठ का येतात? अरामीत दोन्हीला एकच शब्द चालतो हे लक्षात घेतलं की सांधा दिसतो. त्या मुलाची निष्पापता दाखवायला त्याला मध्ये आणलेलं नाही. घरातली सगळ्यांत खालची पायरी म्हणून आणलेलं आहे.

ती पायरी किती खालची होती? पौल गलतीकरांना लिहितो की वारस जोवर बाळ आहे तोवर सगळ्याचा धनी असूनही त्याच्यात आणि दासात फरक नसतो. आणि इजिप्तमध्ये ऑक्सिऱ्हिंकस इथे पपायरसवरचं एक पत्र सापडलं आहे, इसवीसनपूर्व १चं. कामासाठी अलेक्झांड्रियाला गेलेला नवरा गरोदर बायकोला प्रेमाने लिहितो, तुला कसा विसरेन, पगार मिळाला की पाठवतो. त्याच पत्रात हेही आहे : मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे. नवजात मूल टाकणं ही त्या जगात घरच्या बापाच्या अखत्यारीतली बाब होती. मी हे पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला धक्का बसला तो त्यातल्या मायेने. तो माणूस क्रूर नव्हता. मूल हिशेबातच नव्हतं.

अशा जगात येशू म्हणतो की माझ्या नावाने अशा एका मुलाला जो स्वीकारतो तो मला स्वीकारतो. आणि मार्कच्या दहाव्या अध्यायात मुलांना आणणाऱ्यांना शिष्य दटावतात, तेव्हा येशू शिष्यांवर संतापतो. तिथलं ग्रीक क्रियापद चारही शुभवर्तमानांत (बायबलातल्या येशूच्या चार चरित्रांत) येशूच्या बाबतीत फक्त याच एका जागी वापरलं आहे. लूक हाच प्रसंग सांगताना ‘ब्रेफॉस’ शब्द घालतो. तान्हं, अंगावर पिणारं. तान्हं काय श्रद्धा ठेवणार? ते आणलं जातं, एवढंच.

एक व्याकरणाची गोष्ट सांगून थांबतो. मार्क १०:१५ मध्ये ‘देवाचं राज्य मुलासारखं स्वीकारणं’ आहे. ‘पायदिऑन’ नपुंसकलिंगी, त्यामुळे त्याची प्रथमा आणि द्वितीया सारखीच दिसते. म्हणून वाक्य दोन्हीकडे झुकतं. मूल जसं स्वीकारतं तसं, किंवा मुलाला जसं स्वीकारावं तसं. परंपरेने पहिला अर्थ घेतला. पण नवव्या अध्यायात ‘मुलाला स्वीकारणं’ नुकतंच येऊन गेलंय, म्हणून मला दुसराही सोडवत नाही. गंमत म्हणजे आपल्याकडेही मूल, लेकरू, तान्हं, बाळ, अर्भक सगळी नपुंसकलिंगीच. ‘अर्भक’ तर मुळात ‘लहान’ याच अर्थाचा शब्द.

लव्हाळं

माझं माहेर वारकरी. ख्रिस्ती धर्मशास्त्र मी शिकलेले नाही, पण ग्रीकच्या विद्यार्थीदादांचं वाचताना एकच ओळ मनात वाजत होती :

लहानपण दे गा देवा । मुंगी साखरेचा रवा ॥

शाळेच्या स्नेहसंमेलनात ही ओळ ‘रम्य ते बालपण’ या अर्थाने म्हटली जाते तेव्हा मला वाईट वाटतं. तुकोबा बालपण परत मागत नाहीत. ऐरावताला अंकुशाचा मार आणि मुंगीला साखर, म्हणून मोठेपण नको, शेवटी ‘व्हावे लहानाहूनि लहान’. इथे लहानपण म्हणजे नम्रता, खालची पायरी. वय नव्हे.

पण मराठीचं देणं असं की तोच शब्द वयालाही चालतो. ‘माझ्या लहानपणी’ म्हटलं की बालपण, ‘लहानपण घेणं’ म्हटलं की कमीपणा पत्करणं. ग्रीक ‘पाइस’मध्ये वय आणि पायरी जशी एकत्र आहे, तशी आपल्याकडे ‘लहान’मध्ये आहे. ताईंनी ‘बालसुलभ’ कशाला शोधायचा?

तुमचेच रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत ना, की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. आणि मराठी कवितेत त्यांची ओळख फुलामुलांचे कवी.

जुनी वही

लव्हाळं, तुमचं म्हणणं पटलं. मत्तयात पुढच्याच वचनात (१८:४) ‘जो स्वतःला या मुलासारखा नमवतो तो थोर’ असं आहे. नमवणं, म्हणजे लहानपण घेणं. वचन स्वतःच स्वतःचा अर्थ सांगतंय.

‘निरागस’बद्दल मात्र लिहायला हवं, कारण नाताळच्या शुभेच्छापत्रांपासून प्रवचनापर्यंत हाच शब्द सगळ्यांत जास्त वापरला जातो. निर् अधिक आगस्. आगस् म्हणजे अपराध, पाप. निरागस म्हणजे ज्याच्यावर पाप नाही तो. गोड चेहऱ्याला आपण निरागस म्हणतो तिथे हरकत नाही. पण चौथ्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टिनने लिहून ठेवलं आहे की आपल्या दूधभावाला दूध पाजलं जाताना पाहून मत्सराने पांढरं पडलेलं, बोलताही न येणारं तान्हं मूल त्याने पाहिलं होतं. बाळाचे अवयव दुबळे म्हणून ते निरुपद्रवी, मन तसं नाही, असा त्याचा निष्कर्ष. हा निष्कर्ष मला कठोर वाटतो. पण दोन भावंडं वाढवलेल्या कुठल्याही आईला त्यातलं निरीक्षण खोटं वाटणार नाही. सांगायचं इतकंच की ‘निरागस’ हा शब्द पश्चिमी चर्चच्या एका मोठ्या परंपरेला मान्य नाही, आणि त्या वचनाला त्याची गरजही नाही.

आणि ‘श्रद्धा’ की ‘विश्वास’? मराठी बायबल ‘विश्वास’ म्हणतं. ग्रीक ‘पिस्तिस’मध्ये भरवसा आणि इमान दोन्ही आहेत. लेकराच्या बाबतीत मला तर ‘भरवसा’च आवडेल.

वसईकर

भरवसा! बरोबर. पोहायला शिकताना बाबांच्या हातावर अंग सोडलं होतं, तेव्हा श्रद्धा वगैरे काही नव्हतं. भीती होती आणि भरवसा होता, दोन्ही एकदम.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. काल वर्गात ‘पोऱ्या’वरून बोलले. सहावीतला एक मुलगा, ज्याचा मोठा भाऊ सुट्टीत चहाच्या गाडीवर काम करतो, तो म्हणाला, “म्हणजे येशूने गाडीवरच्या पोराला मध्ये उभं केलं?” मी हो म्हणाले. वर्ग एकदम शांत झाला.

पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, ते त्या गेल्यावर दोन वर्षांनी, १९२४ साली निघालं. साध्या बायकांना कळावं म्हणून त्यांनी तो खटाटोप केला. मग मीच ‘बालसुलभ’ला का धरून बसावं? आजींकडे पुन्हा गेले, ‘लहानपण घ्या, भरवसा ठेवा’ असं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “हे कळतंय.”

एक अडचण उरली आहे. मत्तयाच्या त्याच अठराव्या अध्यायात पुढे ‘या लहानांतील एकाला’ जो अडखळवील त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवावं, असं आहे. हे वचन फलकाच्या दुसऱ्या बाजूला, मोठ्यांना दिसेल असं लावावं असं मला वाटतं. पण ‘अडखळवणं’ हा शब्द चर्चबाहेरच्या पालकांना समजेल का? पायात पाय घालणं, वाट बंद करणं, मन मोडणं, यातलं काय लिहू?